लोकरीवर उभा राहिलेला मठ: फाउंटन्सचे अवशेष

इंग्लंडच्या उत्तर भागातील यॉर्कशायरमध्ये रिपन नावाचे लहानसे शहर आहे. तेथून नैर्ऋत्येला सुमारे पाच किलोमीटरवर, स्केल नदीच्या अरुंद खोऱ्यात, फाउंटन्स ॲबी या मध्ययुगीन मठाचे अवशेष उभे आहेत. छपरे गेली, खिडक्यांच्या काचा गेल्या, फरशीच्या जागी गवत वाढले. तरी भिंती, खांब आणि कमानी इतक्या उंचीपर्यंत टिकल्या आहेत की मठातल्या माणसाचा दिवस कोणकोणत्या दारांतून जात असे, हे चालता चालता कळते. बहुतेक पाहुण्यांची नजर आधी उत्तरेकडच्या उंच मनोऱ्यावर जाते. मठ समजून घ्यायचा असेल, तर मनोऱ्याकडे पाठ करून प्रथम पश्चिमेकडच्या लांब दालनात जावे, असे माझे मत आहे. हे दालन बावीस खणांचे आणि सुमारे ९० मीटर लांबीचे आहे. मधोमध एका ओळीत आखूड खांब आहेत आणि प्रत्येक खांबातून झावळ्या फुटाव्यात तशा दगडी फासळ्या निघून छतभर पसरल्या आहेत. येथे प्रार्थना होत नसे. मठाला लागणारे सामान येथे साठवले जाई, एका भागात कष्टाची कामे करणारे बंधू जेवत आणि वरच्या मजल्यावर तेच झोपत. संपत्तीला कंटाळून बाहेर पडलेल्या तेरा जणांचा मठ चारशे वर्षांनी इंग्लंडमधील आपल्या संघाचा सर्वांत श्रीमंत मठ कसा झाला, हे समजून घेण्यास याहून चांगली जागा नाही.

मराठीत ‘मठ’ म्हटले की एखाद्या गुरूचे स्थान, त्याची गादी आणि शिष्यपरंपरा डोळ्यांसमोर येते. युरोपातील मठाचे स्वरूप वेगळे होते. तेथे गुरूपेक्षा नियम मोठा असे. सहाव्या शतकात इटलीतील संत बेनेडिक्ट यांनी मठात राहणाऱ्यांसाठी ७३ प्रकरणांची एक नियमावली लिहिली. कधी उठावे, किती वेळा प्रार्थना करावी, काय खावे, किती बोलावे, कोणी कोणाची आज्ञा पाळावी, हे सारे तीत आहे. पश्चिम युरोपातील बहुतेक मठ पुढे याच नियमावलीवर चालले. मात्र राजे आणि सरदार मठांना जमिनी देत गेले, उत्पन्न वाढले, प्रार्थनाविधी लांबत आणि सजत गेले, आणि नियमात सांगितलेले अंगमेहनतीचे काम नोकरांकडे गेले.

या शैथिल्याला विरोध म्हणून १०९८ मध्ये फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, सितो नावाच्या दलदलीच्या जागी, एक नवा मठ निघाला. सितोचे लॅटिन नाव सिस्टर्शियम. त्यावरून या संघाला सिस्टर्शियन म्हणतात. बेनेडिक्टचा नियम अक्षरशः पाळायचा, हा त्यांचा आग्रह होता. न रंगवलेल्या लोकरीचा झगा ते घालत, म्हणून लोक त्यांना ‘पांढरे साधू’ म्हणत. मठ वस्तीपासून दूर असावा, चर्चमध्ये चित्रे, रंगीत काचा आणि सोन्याचांदीची उपकरणे नसावीत, गावांचा सारा किंवा चर्चला मिळणारा दशांश कर यांवर न जगता स्वतःच्या श्रमांवर जगावे, असे त्यांचे संकेत होते. संघटनेच्या बाबतीत तर ते काळाच्या पुढे होते. प्रत्येक मठाने आपल्या कन्या-मठाची दरवर्षी तपासणी करावी आणि सर्व मठाधिपतींनी वर्षातून एकदा सितोला महासभेस जमावे, अशी व्यवस्था त्यांनी लावली. क्लेअरव्हो या फ्रान्समधील सिस्टर्शियन मठाचे मठाधिपती बर्नार्ड यांच्या प्रभावामुळे बाराव्या शतकात हा संघ युरोपभर वेगाने पसरला.

फाउंटन्सची सुरुवात मात्र एका भांडणातून झाली. यॉर्क शहरातील सेंट मेरी हा बेनेडिक्टच्या परंपरेतील सुस्थितीतला मठ होता. ११३२ मध्ये क्लेअरव्होहून आलेल्या सिस्टर्शियनांनी यॉर्कशायरमध्येच रिव्हो येथे मठ वसवला आणि त्यांचे साधे जगणे पाहून सेंट मेरीतील काही जण अस्वस्थ झाले. मठातील दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी रिचर्ड त्यांच्या बाजूने होते. वृद्ध मठाधिपतींना एवढा बदल पेलण्याजोगा वाटेना. ऑक्टोबर महिन्यात यॉर्कचे आर्चबिशप थर्स्टन चौकशीसाठी आले, तेव्हा मठातील विरोधकांनी त्यांना आत येऊ दिले नाही, हातघाईचा प्रसंग आला, आणि सुधारणा मागणाऱ्या तेरा जणांना घेऊन थर्स्टन बाहेर पडले. नाताळात ते सर्व त्यांच्याबरोबर रिपनला गेले आणि २७ डिसेंबर ११३२ रोजी थर्स्टन यांनी त्यांना स्केल नदीच्या खोऱ्यातील जमीन दिली. खडक, काटेरी झुडपे आणि झरे एवढेच तेथे होते. ‘फाउंटन्स’ हे नाव त्या झऱ्यांवरूनच पडले. लॅटिन कागदपत्रांत मठाचा उल्लेख ‘झऱ्यांकाठची सेंट मेरी’ अशा अर्थाने येतो.

पहिल्या वर्षांची हकीकत आपल्याला मुख्यतः एका वृत्तान्तातून कळते. सर्लो नावाच्या अतिवृद्ध मठवासीयाने आठवणी सांगितल्या आणि कर्कस्टॉल मठातील ह्यू यांनी तेराव्या शतकाच्या आरंभी त्या लिहून काढल्या. घटनेनंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी, मठ भरभराटीला आलेला असताना हे लेखन झाले असल्याने त्यात भक्तीचा रंग आहे, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे. तरी त्यातील तपशील मनाला भिडतात. पहिला हिवाळा त्यांनी खडकांच्या आणि एका मोठ्या एल्म वृक्षाच्या आसऱ्याने काढला. पुढे दुष्काळ पडला तेव्हा त्याच झाडाची पाने रानभाजीबरोबर उकडून खाण्याची वेळ आली. शेवटी त्यांनी हा देश सोडून क्लेअरव्होच्या आश्रयाला जाण्याचे ठरवले. तेवढ्यात यॉर्क कॅथीड्रलचे डीन, म्हणजे तेथील प्रमुख धर्माधिकारी, ह्यू यांनी उर्वरित आयुष्य या मठात काढायचे ठरवले आणि येताना आपली संपत्ती व ग्रंथसंग्रह बरोबर आणला. मठ वाचला. संपत्तीचा त्याग करणाऱ्यांना संपत्तीनेच तारले, हा पहिला प्रसंग; पुढे असे बरेच आले.

दरम्यान बर्नार्ड यांनी त्यांना सिस्टर्शियन संघात घेण्याचे मान्य केले होते आणि नवी रीत शिकवण्यासाठी जेफ्री नावाचे अनुभवी मठवासी पाठवले होते. त्यानंतरची वाढ चकित करणारी आहे. ११३८ ते ११५० या बारा-तेरा वर्षांत फाउंटन्समधून आठ नवे मठ निघाले. त्यांपैकी लीसे हा थेट नॉर्वेत. याच काळात मठाला आगही लागली. मठाधिपती हेन्री मर्डॅक यांनी यॉर्कच्या नव्या आर्चबिशपांच्या निवडीला कडाडून विरोध केला होता. त्या आर्चबिशपांच्या संतापलेल्या समर्थकांनी फाउंटन्सवर हल्ला करून इमारती पेटवल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रुसाच्या आकाराच्या चर्चच्या दक्षिण भुजेखाली उत्खनन झाले, तेव्हा सुरुवातीच्या लाकडी चर्चच्या खांबांचे खड्डे आणि जळिताच्या खुणा सापडल्या. वृत्तान्तातील शब्दांना जमिनीने दिलेली ही साक्ष मला त्या भव्य कमानींइतकीच मोलाची वाटते.

आज उभे असलेले चर्चचे मुख्य दालन या आगीनंतरचे, बाराव्या शतकाच्या मध्यानंतरचे आहे. अकरा खणांचे, जाड गोल खांबांचे, जवळजवळ अलंकाररहित. पहिल्या पिढीला अपेक्षित असलेला साधेपणा कसा दिसत असावा, ते येथे उभे राहिल्यावर कळते. मात्र त्या काळी हे दालन असे सलग मोकळे नव्हते. मधे आडवी दगडी भिंत होती. तिच्या पूर्वेला प्रार्थना गाणारे मठवासी बसत, पश्चिमेला दुसराच समाज बसे. या दुसऱ्या समाजाची ओळख करून घेतल्याशिवाय सिस्टर्शियनांचा इतिहास उलगडत नाही.

नियमानुसार मठवासीयाला दिवसा सात वेळा आणि मध्यरात्रीनंतर एकदा प्रार्थनेस उभे राहावे लागे. एवढ्या बंधनात डोंगरापलीकडची शेते कसणे अशक्य होते. गावकऱ्यांकडून सारा घ्यायचा नाही आणि कुळेही ठेवायची नाहीत, हे तर ठरलेले. यावर सिस्टर्शियनांनी व्यापक प्रमाणावर वापरलेला उपाय म्हणजे ‘कॉन्व्हर्सी’, ज्यांना आपण श्रमबंधू म्हणू. तेही व्रते घेत, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन स्वीकारत, पण लॅटिन शिकत नसत, मोजक्या पाठ केलेल्या प्रार्थना म्हणत आणि दिवसभर काम करत. शेतकरी, मेंढपाळ, गवंडी, चांभार, गिरणीवाले असे सगळे त्यांत होते. शेजारच्या रिव्हो मठात बाराव्या शतकाच्या मध्यास १४० मठवासी आणि ५०० श्रमबंधू व कामकरी होते, असे तेथील मठाधिपतींचा समकालीन चरित्रकार सांगतो. फाउंटन्समधील पश्चिमेच्या त्या दालनाची लांबी याच गणिताने ठरली आहे.

या व्यवस्थेचे कौतुक करताना तिच्यातील भेद झाकू नये. श्रमबंधूचा मठवासी होऊ शकत नसे, मठाधिपतींच्या निवडणुकीत त्याला मत नसे, आणि चौकाभोवतीच्या वास्तूंत त्याला मुक्तपणे वावरता येत नसे. देवापुढे सगळे समान मानणाऱ्या संघात अक्षर येणाऱ्याची आणि न येणाऱ्याची जेवणाची, झोपण्याची व प्रार्थनेची जागा वेगळी होती, आणि ती विभागणी दगडात बांधलेली असल्यामुळे आजही पुसली गेलेली नाही. दुसरीकडे, जमीन नसलेल्या माणसाला दोन वेळचे अन्न, आजारपणात शुश्रूषा आणि मरणानंतर प्रार्थना यांची हमी याच मठाने दिली, हेही खरे आहे. बाराव्या शतकातल्या गरिबाला ही हमी लहान वाटली नसणार.

मठापासून दूर असलेल्या जमिनींवर ‘ग्रेंज’ नावाच्या शेतवाड्या उभारल्या जात आणि काही श्रमबंधू तेथेच राहून शेती व मेंढपालन पाहत. फाउंटन्सच्या जमिनी पश्चिमेकडे पेनाइन डोंगरांच्या माळांपर्यंत पसरल्या होत्या; तेथील एका उंच डोंगराचे नाव आजही ‘फाउंटन्स फेल’ असे आहे. ओलसर, खडकाळ आणि नांगराला नकोशी अशी ही जमीन मेंढ्यांना उत्तम मानवली. त्याच वेळी फ्लँडर्स आणि इटलीतील विणकरांना इंग्रजी लोकर हवी होती. दानात मिळालेली स्वस्त जमीन, वेतनाविना राबणारे हात, स्वतःवर काहीच खर्च न करण्याचे व्रत आणि परदेशी बाजारातील चढती मागणी यांची सांगड पडली. साधेपणाच्या नियमांतूनच नफा साचत गेला. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉरेन्सचा व्यापारी पेगोलोत्ती याने इंग्लंडमधील मठांच्या लोकरीची यादी लिहून ठेवली आहे. तीत फाउंटन्सच्या नावापुढे वर्षाला ७६ पोती असा आकडा आहे. पुढे प्रमाण ठरलेले लोकरीचे पोते ३६४ पौंडांचे, म्हणजे सुमारे १६५ किलोचे. त्या हिशेबाने वर्षाला साडेबारा टन लोकर झाली. रिव्होचा आकडा ६० पोती आहे.

या व्यापाराने मठाला अडचणीतही आणले. इटालियन व्यापारी पुढील अनेक वर्षांच्या लोकरीचा सौदा आधीच करत आणि रक्कम आगाऊ देत. मोठी बांधकामे चालू असलेल्या मठाला असा रोख पैसा हवाच असे. पण लोकर अजून मेंढीच्या अंगावरही आलेली नसताना ती विकणे म्हणजे व्याजाने कर्ज काढण्याचाच प्रकार होता, आणि संघाच्या महासभेने त्यावर मर्यादा घातल्या होत्या. तेराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत इंग्लंडभर मेंढ्यांना खरजेची साथ आली, कळप घटले, आणि ठरलेली पोती देणे कठीण झाले. फाउंटन्स इतके कर्जबाजारी झाले की राजाला मठाच्या कारभारावर आपला माणूस नेमावा लागला. त्यानंतर स्कॉटलंडच्या सैन्याच्या स्वाऱ्या झाल्या आणि १३४९ च्या सुमारास प्लेगची महामारी आली. श्रमबंधू होण्यासाठी येणाऱ्यांची संख्या आधीच घटत होती, ती जवळजवळ आटली. शेतवाड्या कुळांना खंडाने द्याव्या लागल्या. ज्या उत्पन्नाला पहिल्या पिढीने नकार दिला होता, त्यावरच मठ आता जगू लागला.

मठाची रचना समजून घ्यायला चौसोपी वाड्याची कल्पना उपयोगी पडते. मधे चौक आणि चारही बाजूंनी छताखालची पडवी, जिला इंग्रजीत क्लॉइस्टर म्हणतात. उत्तरेला चर्च. पूर्वेला सभागार, जेथे रोज सकाळी नियमावलीचे एक प्रकरण वाचले जाई आणि चुकांची कबुली दिली जाई. त्याच्या जमिनीखाली जुन्या मठाधिपतींच्या समाधी आहेत. त्याच बाजूच्या वरच्या मजल्यावर मठवासीयांचे शयनगृह होते आणि तेथून एक जिना थेट चर्चमध्ये उतरत असे, कारण रात्रीच्या प्रार्थनेला झोपेतूनच जावे लागे. दक्षिणेला भोजनगृह. जेवताना बोलायचे नसे. एक जण भिंतीत कोरलेल्या उंच सज्जात उभा राहून धर्मग्रंथ वाचत असे आणि त्या सज्जाकडे जाणारा जिना आजही दिसतो. भोजनगृहाच्या शेजारी शेकोटीची खोली आहे. यॉर्कशायरच्या थंडीत, आजाऱ्यांचा विभाग व स्वयंपाकघर सोडल्यास, शेक घेण्यासाठी एवढीच जागा होती.

या साऱ्याच्या खालून नदी वाहते. स्केलचे पात्र बांधून काढून, तिच्यावर दगडी बोगदे घालून, त्यांवर मठाच्या दक्षिणेकडच्या इमारती उभ्या केल्या आहेत. वाहत्या पाण्यावर शौचकूप बांधल्यामुळे घाण आपोआप वाहून जाई, आणि झऱ्यांचे स्वच्छ पाणी नळांनी स्वतंत्र आणले जाई. पश्चिमेला असलेली बाराव्या शतकातील पाणचक्कीची गिरणी तर मठ बंद पडल्यानंतरही चालू राहिली आणि १९२७ पर्यंत तेथे दळण होत होते.

चर्चच्या पूर्व टोकाला गेले की काळ बदललेला जाणवतो. तेथे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले ‘नऊ वेदींचे’ प्रार्थनागृह आहे. उंच, सडपातळ आणि प्रकाशाने भरलेल्या या वास्तूमागचे कारण व्यवहारी होते. अधिकाधिक मठवासी धर्मगुरूची दीक्षा घेऊ लागले होते, प्रत्येकाला मिस्सा हा पूजाविधी स्वतंत्रपणे करायचा असे, आणि त्यासाठी वेदी कमी पडत होत्या. डरहॅम कॅथीड्रलमध्ये याच धर्तीची रचना नंतर उभी राहिली. येथील एका खिडकीच्या वर पडलेली भेग १४८३ मध्ये दुरुस्त केली गेली आणि त्या जागी देवदूताचा चेहरा कोरलेला दगड बसवला गेला.

आणि मग तो मनोरा. आपल्या चर्चवर दगडी घंटामनोरे बांधू नयेत, असे सिस्टर्शियनांच्या महासभेने बाराव्या शतकातच ठरवले होते. मार्मड्यूक ह्यूबी हे १४९५ ते १५२६ या काळात मठाधिपती होते. त्यांच्या कारकिर्दीत मठवासीयांची संख्या २२ वरून ५२ वर गेली आणि त्यांनी चर्चच्या उत्तर भुजेला लागून सुमारे ५० मीटर उंचीचा मनोरा उभारला. त्यावर लॅटिन शिलालेख कोरलेले आहेत, आणि सन्मान व गौरव एका देवाचाच, असा त्यांचा आशय आहे. पायथ्याशी उभे राहून तो मजकूर वाचताना ह्यूबींना दांभिक ठरवणे सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते. ढासळलेला मठ त्यांनी सावरला होता, आणि तो सावरल्याचे दुरून दिसावे, एवढे त्यांना वाटले असेल.

मनोरा पुरा होऊन जेमतेम एक पिढी गेली आणि सारे संपले. आठवे हेन्री रोमच्या सत्तेपासून वेगळे होऊन इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख बनले होते, आणि १५३५ मध्ये त्यांनी सर्व धर्मसंस्थांच्या उत्पन्नाची मोजदाद करवली. फाउंटन्सचे वार्षिक उत्पन्न १,११५ पौंडांहून अधिक भरले. इंग्लंडमधील कोणत्याही सिस्टर्शियन मठाहून जास्त. राजाच्या तपासनिसांनी मठाधिपती विल्यम थर्स्क यांच्यावर चोरीचा आरोप ठेवून त्यांना पायउतार केले. १५३६ च्या शरद ऋतूत मठ बंद करण्याच्या धोरणाविरुद्ध उत्तर इंग्लंड उठले. त्या उठावाच्या संदर्भात थर्स्क यांना १५३७ मध्ये लंडनच्या टायबर्न येथे फाशी देण्यात आली. त्यांच्या जागी आलेल्या मार्मड्यूक ब्रॅडली यांनी २६ नोव्हेंबर १५३९ रोजी मठ राजाच्या स्वाधीन केला आणि वर्षाला १०० पौंडांचे निवृत्तिवेतन घेतले.

पुढच्या वर्षी लंडनचे व्यापारी सर रिचर्ड ग्रेशम यांनी ही मालमत्ता विकत घेतली. अशा इमारतींची पडझड बहुतेक वेळा शिशापासून सुरू होई. छपरावरील शिशाचे पत्रे मौल्यवान असत. ते काढून वितळवले की पाऊस लाकडी वाशांत शिरे, वासे कोसळत आणि उघड्या पडलेल्या भिंती म्हणजे आयता दगडखाणीचा माल होई. फाउंटन्सच्या आग्नेय भागातील दगड काढून सर स्टीफन प्रॉक्टर यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस जवळच फाउंटन्स हॉल हा वाडा बांधायला घेतला.

उरलेले जे वाचले, ते बागेमुळे. शेजारच्या स्टडली रॉयल इस्टेटीचे मालक जॉन ॲस्लबी हे ब्रिटनचे अर्थमंत्री होते. १७२० च्या साउथ सी कंपनीच्या घोटाळ्यात ते अडकले आणि त्यांना पार्लमेंटमधून हाकलण्यात आले. घरी परतून त्यांनी स्केल नदीच्या पाण्यावर तळी व कालव्यांची देखणी बाग पूर्ण करण्यात उरलेले आयुष्य घालवले. त्यांचे पुत्र विल्यम यांनी १७६० च्या दशकात मठाचे अवशेष विकत घेऊन बागेच्या टोकाचे दृश्य म्हणून ते तिला जोडले. त्यांनी अवशेष नीटनेटके करण्यासाठी केलेल्या साफसफाईवर विल्यम गिल्पिन या निसर्गसौंदर्याच्या जाणकाराने त्याच काळात टीका केली, आणि ती रास्त होती. मात्र ही खरेदी झाली नसती, तर आणखी किती दगड गाड्यांवर लादून गेला असता, याचा विचारही करवत नाही.

या इस्टेटीचे एकोणिसाव्या शतकातील मालक भारतीय वाचकांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहेत. १८८० ते १८८४ या काळात भारताचे व्हाइसरॉय असलेले, स्थानिक स्वराज्य संस्थांचा १८८२ चा ठराव करणारे आणि देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा रद्द करणारे लॉर्ड रिपन ते हेच. मुंबईच्या फोर्ट भागातील रिपन क्लबला त्यांचेच नाव आहे, आणि त्यांच्या पदवीतील ‘रिपन’ म्हणजे मठाशेजारचे हे शहर. १८७४ मध्ये त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला, तेव्हा त्यांना मंत्रिपदाच्या शक्यता बाजूला ठेवाव्या लागतील असेच अनेकांना वाटले होते. ज्या पंथाचा मठ राजाने मोडला, त्याच पंथाचा माणूस तीनशेहून अधिक वर्षांनी त्या अवशेषांचा धनी होता. भारतातून परतल्यानंतर, त्यांच्याच मालकीच्या काळात, १८८७-८८ मध्ये विल्यम सेंट जॉन होप यांनी येथे महत्त्वाचे उत्खनन करून मठाचा आराखडा बारकाईने नोंदवला. इस्टेटीतील सेंट मेरी चर्च रिपन दांपत्याने विल्यम बर्जेस या वास्तुविशारदाकडून बांधून घेतले. याच बर्जेस यांनी मुंबईच्या कलाशाळेसाठी १८६० च्या दशकात आराखडा केला होता, पण तो बांधला गेला नाही.

१९८३ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ही जागा घेतली आणि १९८६ मध्ये बाग व मठ मिळून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. आजची मोठी चिंता पाण्याची आहे. अतिवृष्टीत स्केलला पूर येतो, गाळाने तळी भरतात आणि मठाच्या पायाशी पाणी चढते. म्हणून वरच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांबरोबर झाडे लावण्याचे आणि पाण्याचा वेग कमी करणारी लहान तळी खोदण्याचे काम हाती घेण्यात आले आहे.